कानस कोणाच्या बाजूने?

मराठीत सुताराची पटाशी, गवंड्याची थापी, न्हाव्याचा वस्तरा आणि शिपायाची बंदूक या सगळ्यांना एकच शब्द चालतो: हत्यार. हिंदीत औजार वेगळे आणि हथियार वेगळे. दुर्ग जिल्ह्यातल्या आमच्या अहिवाऱ्यात दोन्ही भाषा दिवसातून दहादा आलटूनपालटून बोलाव्या लागतात. त्यामुळे मराठी फिटर ‘माझी हत्यारं आण रे’ म्हणाला, की नवा छत्तीसगढी मदतनीस क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघतो. कानस, पाना आणि हातोडी हवी आहे हे कळले, की दोघेही हसतात.

शब्द एकच असण्यामागे एक जुनी समजूत आहे. खंडेनवमीला आपण तलवार असेल तर तलवार, नसेल तर विळी, कोयता, पाना, जे हाताशी असेल ते पाटावर मांडतो आणि सगळ्यांना सारखेच गंध-फूल वाहतो. भिलाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, तेव्हा लेथ आणि क्रेन यांच्यावरही हार चढतात. वस्तू निर्दोष असते, दोष लागतो तो हाताला, अशी ही समजूत. तिच्यापाठोपाठ दुसरी येते: वस्तू निर्दोष असेल तर ती दुरुस्त करणाराही निर्दोष. मोडलेले जोडावे, गंजलेले घासावे, सैल झालेले आवळावे. यात विचारायचे काय? मी चौतीस वर्षे भिलाईत फिटर होतो. कामावर आलेल्या सुट्या भागाला कोणी त्याचे पुढचे आयुष्य विचारत नाही. ड्रॉइंग पाहायचे, माप घ्यायचे, कानस चालवायची.

ही समजूत तपासून पाहण्याची वेळ माझ्यावर एका रिव्हॉल्व्हरने आणली. ते माझे नाही, मी ते कधी हातात धरलेलेही नाही. माझा भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो, तिथलाच नागरिक आहे. सहकाऱ्यांच्या नादाने तो हरणांच्या शिकारीला जाऊ लागला आणि मागच्या वर्षी त्याने जुन्या बाजारातून शिकारीचे एक मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. फोटो पाठवले आणि विचारले, ‘मामा, लोखंडाचं तुला कळतं. गनस्मिथकडे टाकायच्या आधी सांग, यातलं काय काय करून घेऊ?’ त्याची यादी चार कामांची होती. आतली यंत्रणा दुरुस्त करायची. मूठ बदलून आपल्या हाताच्या मापाची बसवायची. नळी कापून आखूड करायची. आणि मुठीच्या पोलादी पट्टीवर आधीच्या मालकाने कोरलेली आद्याक्षरे घासून काढून सगळ्याला नवा काळा-निळा रंग द्यायचा.

दुसऱ्याच दिवशी दुर्गहून ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. ‘तू त्याला काही एक सांगायचं नाहीस. आपल्या घरात हे कधी नव्हतं.’

मला दोघांनाही उत्तर द्यायचे होते.

वस्तू कोणती ते आधी सांगतो. रुगर कंपनीचे सुपर ब्लॅकहॉक, काडतूस फोर्टी-फोर मॅग्नम. हे काडतूस १९५५ च्या सुमारास आले. त्याची गोळी जवळजवळ ११ मिलिमीटर जाडीची आणि बहुधा २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची असते. हे रिव्हॉल्व्हर बाजारात आले १९५९ मध्ये. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि आमच्या बाजूच्या नंदिनीच्या खाणींतला चुनखडीचा दगड भिलाईच्या भट्ट्यांत जाऊ लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या देशात शस्त्र कायदाही झाला. एकाच वर्षात कुठे काय ओतले जात होते आणि कुठे कशाला कुलूप लागत होते, एवढेच यातून दिसते. पण माझ्यासारख्या माणसाला एखादी वस्तू आपल्या कारखान्याच्या वयाची निघाली की तिच्याबद्दल उगाच जवळीक वाटते, हेही खरे.

पहिले काम सर्वांत सोपे वाटले. १९७३ च्या आधीच्या या रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर एका बाजूला तीन स्क्रू दिसतात, म्हणून त्याला तिकडे ‘थ्री-स्क्रू’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या या रचनेत एक धोका होता. घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर हातून पडले, तर गोळी सुटू शकत असे. म्हणून जाणती माणसे सहा घरांपैकी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायची. १९७३ पासून कंपनीने आत एक पट्टी बसवली. चाप पूर्ण दाबल्याशिवाय घोड्याचा मार पिनपर्यंत पोहोचतच नाही. जुन्या मालकांना ही सुधारणा कंपनी फुकट करून देते आणि काढलेले मूळ भाग पाकिटात घालून परत पाठवते.

ते भाग परत का पाठवते? कारण संग्राहकांना सुधारणा नको असते. मूळ यंत्रणेचा घोडा चढवताना होणारा खटक-खटक आवाज, मूळ चाल, मूळ किंमत त्यांना हवी असते. वस्तूचे खरेपण तिच्या भागांत आहे असे ते मानतात. राजा मिलिंदाला नागसेनाने रथाबद्दल विचारले होते, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि यांपैकी एकही भाग रथ नव्हे असे राजाकडूनच वदवून घेतले होते. फिटरला हे मिलिंदाआधीच कळलेले असते. बेअरिंग बदलले, शाफ्ट बदलला, खाली नवे फाउंडेशन घातले, तरी तो पंप ‘तीन नंबरचा पंप’च राहतो, कारण त्याचे लॉगबुक एकच असते. वस्तूची ओळख भागांत नसून तिच्या हिशोबात असते.

कायद्यालाही हेच कळते. आपल्या १९५९ च्या कायद्याचे ८ वे कलम शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण घासणे, बदलणे, खोटी उठवणे याला मनाई करते. अमेरिकेतही तसेच आहे. तिथे सांगाड्यावर क्रमांक असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो सांगाडा म्हणजेच शस्त्र. नळी बदला, मूठ बदला, चक्र बदला, पण क्रमांकाला हात लावायचा नाही. कारण उद्या त्या हत्याराने काही घडले, तर कोणाला विचारायचे, हे त्या क्रमांकावर अवलंबून असते. मी भाच्याला पहिल्या कामाला बिनधास्त हो म्हटले. जुने भाग पाकिटात तारीख घालून जपून ठेव, असेही सांगितले. पडल्यावर न सुटणारी बंदूक शेजाऱ्याच्या मुलाच्याही बाजूची असते. इथे कानस कोणाच्या बाजूने चालते, याचे उत्तर स्वच्छ होते.

आद्याक्षरांचा प्रश्न वेगळा. ती म्हणजे क्रमांक नव्हे. ती घासली तर कायदा काही म्हणत नाही. भाच्याचे म्हणणे, ‘दुसऱ्याचं नाव मी कशाला बाळगू?’ कपाटावर, सायकलवर, पातेल्यावर दुसऱ्याचे नाव असते तेव्हा आपण ते खुशाल बाळगतो. आपल्या घरांत आजीच्या माहेरच्या नावाची पातेली असतात, आणि लग्नात आहेर आलेल्या ताटांवर देणाऱ्याचे नाव असते. मग इथेच ते का खुपते? मला वाटते, याचे कारण असे की या वस्तूने आधी काय केले असेल हे त्याला माहीत नाही, आणि नाव पुसले की तो प्रश्नही पुसला जाईल असे त्याला वाटते. जुन्या हत्याराला नवा रंग देताना हा मोह नेहमी असतो. चकचकीत पॉलिश म्हणजे कोऱ्या पाटीचे सोंग. शिवाय कारागिराला ठाऊक असते, की फार घासले की कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. गंज काढण्यापुरते घासणे आणि इतिहास काढण्यासाठी घासणे या दोन्हींतला फरक धातूवर स्पष्ट दिसतो.

आमच्या नंदिनीकडे पाहा. दगड काढून संपलेल्या खाणींच्या जागेवर अलीकडच्या वर्षांत झाडे लावली, तिथे आता रान उभे राहत आहे. पण खड्डे बुजवले नाहीत. त्यांत पाणी साचून तळी झाली, पक्षी उतरू लागले. झाडी दिसते आणि खाणही दिसते. मला दुरुस्ती अशी आवडते, की आधी इथे काय झाले होते ते दिसत राहते. ‘गंज काढ, तेल लाव, अक्षरे राहू दे,’ असे मी त्याला लिहिले.

एवढ्यावर ताईचे समाधान होणार नव्हते, आणि व्हायलाही नको होते. तिचा प्रश्न आद्याक्षरांचा नव्हता, शिकारीचा होता. ‘आपल्या घरात हे कधी नव्हतं’ हे खरे. पण आपल्या प्रदेशात होते, आणि भरपूर होते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कचेऱ्यांतून आणि जंगलखात्यातून आणखी आली. साहेबांच्या शिकारीच्या कॅम्पचा हिशोब लिहिणारे कारकून त्यांत असणारच. सरगुजाच्या महाराजांनी अकराशेहून अधिक वाघ मारल्याचे सांगितले जाते. कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये रात्री गाडीच्या उजेडात तीन चित्ते मारले. आपल्या देशातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ती या सगळ्याचा शेवट म्हणून. त्यामुळे भाच्याचे हे रिव्हॉल्व्हर अहिवाऱ्यात असते, तर ते एका मेलेल्या कामाचे हत्यार असते. मोंटानात ते काम जिवंत आहे.

भाचा म्हणतो, की तिथली गोष्ट कोरियाच्या महाराजांसारखी नाही. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, किती आणि कोणते जनावर मारायचे ते ठरलेले असते. १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना मिळतो. रिव्हॉल्व्हरवर हा कर १० टक्के आहे. मारलेले हरीण वर्षभर फ्रीजरमधून खाल्ले जाते. आणि मग त्याचा शेवटचा बाण: ‘मामा, रविवारी भिलाईच्या बाजारातून कोंबडी आणताना तू तिला काही विचारतोस का?’

नाही विचारत. आमच्या घरी मटण होते, कोंबडी होते. ताई खात नाही, मी खातो. म्हणून या प्रश्नाला माझ्याकडे तिच्याइतके सोपे उत्तर नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबडीपेक्षा डोंगरावर मोकळे वाढलेले आणि एका गोळीने पडलेले हरीण अधिक चांगले जगले आणि अधिक चांगले मेले, हे मला मान्य करावे लागते. खाणाऱ्याने मारणे पाहावे, त्याची किंमत डोळ्यांसमोर असावी, यातही काही खरे आहे. मांस खाणारा मी शिकारीला सरसकट पाप म्हणू लागलो, तर ते ढोंग होईल.

पण ‘एका गोळीने पडलेले’ या शब्दांवर सगळा भार आहे, आणि रिव्हॉल्व्हर म्हटले की नेमका तोच भाग डळमळतो. मोठ्या बोअरच्या हातातल्या बंदुकीचा जन्म शिकार करण्यासाठी झालेलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे हौद्यात बसून वाघाची शिकार चाले. वाघ उसळून हत्तीच्या मस्तकावर चढला तर लांब बंदूक फिरवायला जागा नसे. म्हणून साहेब लोक जवळ एक आखूड, जाड नळ्यांचे पिस्तूल ठेवत. त्याला ‘हौदा पिस्तूल’च म्हणत. ते हाताच्या अंतरावर जीव वाचवायला होते. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत त्याच जातीच्या वस्तूने दूरच्या हरणावर नेम धरणे हा खास छंद झाला. रायफल हातात असताना रिव्हॉल्व्हर का, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, ‘रायफलने फार सोपं होतं. यात चाळीस-पन्नास पावलांपर्यंत जावं लागतं. वारा बघावा लागतो, रांगावं लागतं. जनावराला निसटायची संधी मिळते.’ तिकडे याला ‘फेअर चेस’ म्हणतात. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब हे तत्त्व आजही सांगतो.

हे तत्त्व उमदे आहे. कोरियातल्या गाडीच्या उजेडापुढे ठेवले तर फारच उमदे. तरीही त्यात एक खाते लिहायचे राहते. जनावराला दोन वाटा असतात असे हे तत्त्व धरून चालते, निसटणे किंवा पडणे. तिसरी वाट म्हणजे लागणे पण न पडणे. पोटात किंवा पायात गोळी घेऊन झाडीत शिरणे आणि रात्रभर, कधी दोन-चार दिवस, मरत राहणे. काम जितके अवघड करावे तितकी ही तिसरी वाट रुंद होते. गिर्यारोहक दोर सोडून कडा चढतो तेव्हा अवघडपणाही त्याचा आणि पडणेही त्याचेच. हातातल्या बंदुकीचा शिकारी अवघडपणा स्वतः निवडतो, पण चुकीची किंमत दुसऱ्याकडून वसूल होते.

आपल्याला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. दशरथ शरयूच्या काठी रात्री आवाजावर बाण सोडतो. दिसत नसताना नुसत्या कानांनी वेध घेण्याची विद्या त्याला अवगत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. घडा बुडल्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्याचा वाटला. आपण या गोष्टीत श्रावणबाळाची मातृपितृभक्ती शिकवतो आणि त्याच्या आईबापांच्या शापाशी थांबतो. मला मात्र आता त्यात कारागिराची गोष्ट दिसते. दशरथाचा नेम चुकला नव्हता. विद्या पूर्ण होती, हत्यार उत्तम होते. चूक इतकीच, की उजाडेपर्यंत थांबण्याऐवजी त्याने आपल्या कौशल्याला साजेल असे अवघड काम निवडले, आणि त्या अवघडपणाची किंमत काठावर पाणी भरणाऱ्या पोराने दिली.

हे पटल्यावर उरलेल्या दोन कामांचा निकाल मला लागला, आणि तो मला आधी वाटला होता त्याच्या उलट लागला.

आपल्या हाताच्या मापाची मूठ हे मला हौसेचे काम वाटले होते. अक्रोडाचे लाकूड, त्यावर रेघांची नक्षी, वर तेलाची झळाळी. पण या रिव्हॉल्व्हरच्या मुठीत एक खोड आहे. त्याच्या चापाभोवतीची कडी मागे चौकोनी आहे, आणि गोळी सुटल्यावरच्या धक्क्याने ती मधल्या बोटाच्या पेराला ठोसा मारते. भाच्याचा हात लहान, आमच्या घराण्यातलाच. दहा गोळ्या झाडल्या की पेर सुजते. मग अकराव्या गोळीच्या वेळी हात आधीच घाबरतो आणि चाप दाबण्याच्या क्षणी नळीचे टोक झुकते. टोक सुतभर हलले की पन्नास पावलांवर गोळी वीतभर सरकते. वीतभर म्हणजे छाती आणि पोट यांच्यातले अंतर. तेव्हा कडीच्या मागची पोकळी भरणारी, तळव्यात पक्की बसणारी मूठ हे त्या हरणाच्या बाजूचे काम झाले. चापाची खरखर जाणत्या गनस्मिथकडून काढून घेणेही त्याच बाजूचे. नक्षी हवी तर घाल, नको तर राहू दे. पण मूठ बसलीच पाहिजे, असे मी सांगितले.

नळी आखूड करणे मला नुसते तांत्रिक काम वाटले होते. साडेसात इंचांची नळी कमरेला लोंबते, गाडीत बसताना टोचते, म्हणून ती साडेचार इंचांवर आणायची. एवढे सोपे. पण नळी कापली की टोकावरची माशी मागे येते, माशी आणि मागची खाच यांतले अंतर घटते, आणि नेमातली तेवढीच चूक निशाणावर मोठी होऊन उमटते. गोळीचा वेग घटतो, नळीची उसळी वाढते. म्हणजे सोय होते ती बाळगणाऱ्याची, आणि त्या सोयीचे पैसे हरणाच्या खात्यातून जातात. अस्वलापासून जीव वाचवायला कमरेला लावायचे असते, तर हौदा पिस्तुलासारखा आखूडपणाला अर्थ होता. ती हाताच्या अंतरावरची गरज. शिकार आणि सोय एकाच वेळी मागता येत नाही. ‘नळीला करवत लावायची नाही,’ असे मी कळवले. सोबत एक अटही घातली. जेवायच्या ताटाएवढे वर्तुळ काढ. उभा राहून, बसून, धापा टाकत, गार हातांनी पाचही गोळ्या ज्या अंतरावरून त्या वर्तुळात बसतील, ते तुझे अंतर. त्याच्या पलीकडे हरीण कितीही देखणे उभे असो, ते तुझे नाही. आणि ते अंतर वीस पावलांच्या आत आले, तर रिव्हॉल्व्हर कपाटात ठेव आणि रायफल घे.

तो जरा नाराज झाला. नळी मात्र त्याने तशीच ठेवली. ताटाच्या परीक्षेत त्याचे अंतर तीस पावले निघाले. मागच्या हंगामात तो चार दिवस डोंगरात हिंडला आणि एकही गोळी न झाडता परत आला. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. पुढच्या हंगामात तो झाडेलही.

ताईला मी हे सगळे समजावले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे मारायला मदतच केलीस ना? नीट मारायला.’ याला उत्तर देणे कठीण आहे. मी म्हणू शकलो असतो, की मी नाही सांगितले तरी तो दुसऱ्या कोणाला विचारणारच होता. पण हे वाक्य मी तोंडापर्यंत येऊनही गिळले. जगातला प्रत्येक शस्त्रविक्रेता हेच वाक्य बोलतो. ते खरेही असते, म्हणूनच ते इतके स्वस्त आहे. ‘कोणीतरी करणारच’ असे म्हणणारा माणूस आपल्याला कोणतेही काम करायला मोकळा करतो.

माझे म्हणणे वेगळे होते, आणि ते ताईला पुरेसे वाटले नाही तरी मला सोडवत नाही. दूर राहिल्याने माझे हात स्वच्छ राहिले असते, आणि बोटाला ठोसा मारणारी बंदूक तशीच डोंगरात गेली असती. माझ्या स्वच्छ हातांची किंमतही मग त्या हरणानेच दिली असती. पण मदत करायची तर आंधळी करून चालत नाही. चार कामांतली दोन करावीत आणि दोन करू नयेत हे ठरवता आले, म्हणूनच त्या दोन कामांची जबाबदारी घेण्याचा मला अधिकार आला. चारही कामांना मान डोलावली असती, तर ताईचा आरोप पूर्ण खरा ठरला असता. आता तो अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मी नाकारत नाही.

वस्तू निर्दोष असते या समजुतीपाशी परत यायचे, तर मला ती पूर्ण खोटी वाटत नाही. लोखंडाला पाप लागत नाही. पण लोखंडाला दिलेला आकार कोणाच्या तरी बाजूचा असतो. मुठीचा फुगीरपणा, नळीची लांबी, घोड्याखालची पट्टी, पुसलेले किंवा राखलेले अक्षर, यांतला एकेक आकार कोणाचा भार वाढवायचा आणि कोणाचा हलका करायचा हे ठरवतो. तो आकार कानशीने येतो आणि कानस माणूस चालवतो. म्हणजे दोष हाताचाच. फक्त चाप दाबणारा हात हा त्यातला शेवटचा, त्याच्या आधी पुष्कळ हात असतात. हे बंदुकीपुरते नाही. कर्जाचा फॉर्म आखणारा, वीटभट्टीची चिमणी किती उंच बांधायची ते ठरवणारा, मोबाइलच्या पडद्यावर ‘नाही’चे बटण कुठे दडवायचे ते ठरवणारा, हे सगळे माझ्याच धंद्यातले. कोणी वापरणार आणि कोणी सोसणार, यांच्यामधल्या जागेत आमचे काम चालते. वापरणारा समोर असतो, पैसे देतो, मामा म्हणतो. सोसणारा कधीच दुकानात येत नाही. त्याचे माप कारागिरालाच आठवणीने घ्यावे लागते.

येत्या खंडेनवमीला माझी कानस आणि व्हर्नियर नेहमीप्रमाणे पाटावर असतील. गंध लावताना त्यांना निर्दोष म्हणायला माझी हरकत नाही. मात्र एखाद्या कामाला ‘हे होणार नाही’ असे म्हणण्याची ताकद त्यांच्यात नाही, माझ्यात आहे. ज्या दिवशी ती माझ्यातही उरणार नाही, त्या दिवशी पाटावर माझ्यासाठीही जागा करावी लागेल.